एकशे सहासष्ट अंश

"दार लावू का मॅडम?" अबोलीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावूनही टाकलं.

सुनीती मोकलने चष्मा कपाळावर चढवला. सात वर्षांत या मुलीने केबिनचं दार दोनदाच लावलं होतं. एकदा लग्न ठरलं तेव्हा आणि एकदा ते मोडलं तेव्हा.

"बोल."

"तापकोंडचे रिझल्ट आलेत. सहाशे मीटरवरच्या पाण्याचे."

"वाईट?"

"तीनदा केले मॅडम. तिन्हीदा तेच आले." अबोलीने लॅपटॉप टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. "आधी एक सांगू? रागवणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवते."

"शनिवारी मी दिवाळे गावच्या जेटीवर गेले होते. भरतीच्या वेळेला खाडीचं एक बाटली पाणी भरून आणलं. साधं पाणी. त्यातलं सोडियम-पोटॅशियम काढलं आणि त्याला आपलं सूत्र लावून बघितलं. तुमच्या पेपरमधलं."

"मग?"

"एकशे चौसष्ट अंश आले."

"दिवाळ्याची खाडी एकशे चौसष्ट अंश तापलेली आहे?" सुनीती हसली.

"सूत्राच्या मते, हो."

सुनीतीचं हसू हळूहळू ओसरलं. तिने हात पुढे केला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

बेलापूरच्या टेकडीखाली भूसंपदा संशोधन केंद्राची चार मजली इमारत आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरची भूरसायन प्रयोगशाळा गेली चोवीस वर्षं सुनीतीची होती. पाणी, खडक आणि वायू यांच्यात काय विरघळलंय ते शोधायचं आणि त्यावरून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं, एवढंच तिचं काम. खणल्याशिवाय दोन किलोमीटर खोल तापमापक सोडता येत नाही. पण तिथून वर आलेलं पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतं, आणि कुठला क्षार किती यावरून ते पाणी खाली किती तापलं होतं हे ओळखता येतं. दक्षिण रायगडातल्या तापकोंड गावात गरम पाण्याची तीन कुंडं आहेत. बावीस वर्षांपूर्वी सुनीतीने तिथलं पाणी तपासून लिहिलं होतं, की या पाण्याचा उगम एकशे सहासष्ट अंशांचा आहे. एवढ्या उष्णतेवर वीज निर्माण होते.

त्या आकड्याने तिचं आयुष्य बदललं होतं. परदेशी नियतकालिकात लेख आला, तो पुढे अनेकांनी आधाराला घेतला, आणि सह्यऊर्जा नावाची कंपनी तो लेख हातात घेऊनच केंद्राच्या दारात आली. पहिल्या टप्प्यात सहाशे मीटर खणून झालं होतं. दोन हजार मीटरच्या दुसऱ्या टप्प्याच्या करारावर येत्या गुरुवारी ऐरोलीला सह्या व्हायच्या होत्या. आज मंगळवार होता.

"ब्रोमाइड काढलंस?"

"काढलं. क्लोराइडशी प्रमाण दोनशे नव्वद."

दोनशे नव्वद हे समुद्राचं प्रमाण होतं. ते सुनीतीला पाढ्यासारखं पाठ होतं.

"चल," ती उठली. "बाटल्या काढ. मी स्वतः करते."

दुपारी दोनपर्यंत दोघी यंत्रापुढे उभ्या होत्या. सुनीतीने डबा उघडला नाही. तिने जुनी वही मागवली, २००३ सालची, तिच्याच हिरव्या शाईतली. त्यात सगळं होतं. सिलिकावरून येणारा अंदाज तेव्हाही फक्त अठ्ठ्याण्णव अंश होता. तो इतका कमी का, याचं कारण तिने शोधून काढलं होतं: वर येताना थंड पाणी मिसळत असणार, म्हणून सिलिका पातळ झाली. खोलवरचं पाणी मिळालं तर ती जास्त निघेल. पुढे एक ओळ होती, 'ब्रोमाइड मोजण्याची सोय नाही.' आणि त्यापुढे, 'खाडी दोन कोस दूर, समुद्राचा संबंध संभवत नाही.'

आता सहाशे मीटरवरचं पाणी समोर होतं आणि त्यातली सिलिका तेवढीच होती. थंड पाणी मिसळलंच नव्हतं. कधीकाळी खडकात मुरलेला समुद्र तेवढा मिसळला होता, आणि तिच्या सूत्राने त्या समुद्राचंच तापमान काढलं होतं. खालचं पाणी शंभर अंशांच्या आतबाहेर होतं. त्यावर वीज परवडणार नव्हती.

"कधीपासून माहितीये तुला?"

"शंका शुक्रवारी आली. खात्री काल."

"मग शुक्रवारीच का नाही आलीस?"

अबोलीने हातमोजे काढून त्यांचा गोळा केला. "भीती वाटली."

"माझी?"

"तुमच्यासाठी."

सुनीतीने वही मिटली. मग म्हणाली, "तुझं बरोबर आहे अबोली. माझं चुकलं. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. दुसरा टप्पा झाला नाही तर ते वाढणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी आलीस."

"नसते आले तर तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"हाकलून दिलं असतं," सुनीती म्हणाली. "चल, जेवून घे आधी."

*

केंद्राचे संचालक डॉ. हौसेराव जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं नवी मुंबईत काढूनही त्यांच्या बोलण्यातला तो हेल गेला नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा चहा सांगितला.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला, अबोलीला. आता तुम्हाला."

"मग थांबा की जरा. घाई काय आहे? सही होऊ द्या, कंपनी खणू दे. खाली काय निघेल ते निघेल. संशोधनात अनिश्चितता असतेच, करारात तसं स्वच्छ लिहिलंय."

"सर, जे आपल्याला माहीत नाही त्याला अनिश्चितता म्हणतात. हे मला माहीत आहे."

जगदाळ्यांनी कपाळ चोळलं. "मॅडम, तुमचं नाव त्या एका लेखावर उभं आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होताय. उद्योग सहयोग विभाग तुम्ही उभा केलात, इथल्या भिंतींनासुद्धा ठाऊक आहे ते. सन्मानानं जा की. लोकांनी तुमचं नाव काढलं की हे आठवावं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत."

"मग?"

"पण लोकांना काय आठवेल ते बघून मला पाण्याचा रिपोर्ट लिहिता येत नाही."

"बरं, तुमचं सोडा. ही सहा पोरं कंत्राटावर आहेत. त्यांचे पगार या करारातनं निघतात. त्यांना कुठं पाठवू मी?"

सुनीतीने कप खाली ठेवला. "ते मला माहीत नाही सर. शोधीन. पण खोट्या भोकावर त्यांचे पगार नको."

जगदाळे बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. अशा सहा पोरांच्या पगारासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस होता. शेवटी म्हणाले, "गुरुवारी मी येणार नाही. तुम्ही जा. जे सांगायचं ते तुमच्या तोंडानं सांगा. नंतर जे होईल त्यात मात्र माझा हात आखडता राहील, आधीच सांगून ठेवतो."

"चालेल," सुनीती म्हणाली, आणि चहा संपवूनच उठली.

*

सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये तिची आई, पुतळाबाई, बाल्कनीत पाट टाकून वाळवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची झाली तरी खुर्चीत बसायला तिला आवडत नसे. वामन मोकल, सुनीतीचे वडील, मिठागरावर कामाला होते. शहर आलं तेव्हा मिठागर गेलं, शेत गेलं, आणि गावाच्या चारी बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. भावकीतल्या कुणी गाळे काढले, कुणी रेतीच्या गाड्या घेतल्या. वामनने मुलीला शिकवलं. ती एमएस्सी झाली, तेलाचा शोध घेणाऱ्या एका सरकारी कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली आणि बारा वर्षं समुद्रतळातून आणलेला खडकाचा चुरा तापवून त्यातून तेल निघेल का ते सांगत राहिली. ते करता करता पीएचडी झाली. लग्नाचा विषय दोनदा आला, दोनदा गेला. मग या केंद्रात आली आणि इथेच रमली. सिमेंटवाले, खतवाले, खाणवाले, वीजवाले असे सगळे तिच्या टेबलापाशी येऊन बसायचे. कारखानदारांशी कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आगरी बाईसारखी बोलायची. माल चांगला असेल तर चांगला, नासका असेल तर नासका.

"आज लवकर आलीस गो सुनी," आई म्हणाली. "बरी हायेस ना?"

सुनीती आईशेजारी खाली बसली आणि तीही सोडे निवडू लागली. "आये, माजी एक चूक निंगाली. जुनी. बावीस वर्सांची."

"कवरी मोटी?"

"लय मोटी. तिच्यावर लोकांनी भरपूर कायकाय उभं केलंय."

पुतळाबाईने एक सोडा उजेडात धरून बघितला आणि बाजूला टाकला. "कोनी मेलं काय तुज्या चुकीनं?"

"नाय."

"मंग? चुकलंस तं चुकलंस. सांगून मोकली हो."

"नाव जाईल आये."

"जल्ला तुजं नाव! यवरं नाव कमावलंस, त्यातलं थोरं गेलं तं काय उपाशी मरशील?" म्हातारीने मान वर केली. "तुजा बापूस एकदा मुकादमाला बोलला, यो मीठ पांढरा नाय, माज्या हातून चिखल आला यात. सगले हसले त्याला. घरी आला न भाकरी खाल्ली न झोपला. मी इचारलं, वाईट नाय वाटला? तं बोलतो, वाटला ना, पन झोप येतंय."

सुनीतीने उरलेले सोडे निवडून टाकले. जेवण झाल्यावर ती लिहायला बसली. दीड पानात सगळं मावलं. 'माझ्या २००३च्या निष्कर्षात चूक आहे' हे पहिलं वाक्य तिने तीन वेळा खोडून पुन्हा तसंच लिहिलं. खाली नावं घालताना तिने अबोलीचं नाव आधी घातलं आणि स्वतःचं नंतर.

*

ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, सह्यऊर्जाच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर फुलांचा गुच्छ ठेवला होता. फोटोसाठी पेनंसुद्धा खास आणलेली होती. कंपनीचे उपाध्यक्ष मितेश शहा उठून पुढे आले. पंचेचाळिशीचा माणूस, शाळा घाटकोपरची, मराठी चटपटीत.

"या मॅडम! जगदाळे सर कुठे?"

"ते येणार नाहीत. मितेशभाई, सही करण्याआधी मला दहा मिनिटं द्या. फुलं जरा बाजूला घेता का? मागे स्क्रीन दिसत नाही."

दहा मिनिटांत तिने सगळं सांगितलं. अबोलीने आलेख दाखवले. सुनीतीने शब्द मवाळ केले नाहीत आणि आवाजही चढवला नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, की तुम्ही ज्यासाठी आलात तो माल इथे नाही.

वित्त विभागाची बाई समोरच्या कागदांकडे बघत होती.

"मॅडम, हा जोक आहे का?" मितेश म्हणाले.

"नाही."

"आम्ही तुमच्या नंबरवर आलो. एकशे सहासष्ट. माझ्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर आहे तो. बोर्डात मी उभा राहून बोललोय, की मोकल मॅडमचा नंबर आहे, डोळे मिटून पैसे टाका."

"डोळे मिटून टाकायला नको होते. पण ते तुमचं. आकडा माझा होता आणि तो चुकीचा होता."

"आणि हे तुम्हाला कळलं कधी?"

"परवा, मंगळवारी. हिने शोधलं." तिने अबोलीकडे हात केला.

मितेश उठून खिडकीपाशी गेले. खाली खाडीवरच्या पुलावरून मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्या संथ सरकत होत्या. पाठमोरेच बोलले, "तुम्ही सही केली असतीत, तर कोणाला कळलं असतं?"

"दोन हजार मीटरवर कळलं असतं."

"त्याला दीड वर्ष लागलं असतं. तोपर्यंत तुम्ही रिटायर."

"हो. आणि तुम्ही इथेच असतात, या खुर्चीत."

मितेश वळले. चेहरा लाल झाला होता. एवढंच म्हणाले, "मला खूप राग आलाय मॅडम. आत्ता मी काही चांगलं बोलू शकणार नाही."

"नका बोलू," सुनीती म्हणाली. "पण एक काम आहे. ते राग गेल्यावर ऐका. ते बोअर सिमेंट भरून बंद करू नका. त्यातून एकाहत्तर अंशांचं पाणी आपणहून वर येतंय. गावाला द्या."

लिफ्टमध्ये सुनीतीने अबोलीच्या हातातली बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "आलेख चांगले केले होतेस," ती म्हणाली. "दुसऱ्यातली अक्षरं तेवढी बारीक होती."

*

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीने आठवड्याभरात अंग काढून घेतलं. उद्योग सहयोग विभाग जगदाळ्यांनी दुसऱ्याकडे सोपवला. तिला पत्र देताना ते तिच्या डोळ्यांत बघत नव्हते, पण पत्र त्यांनी शिपायाकडून पाठवलं नाही, स्वतः घेऊन आले. कँटीनमध्ये ती आली की एका टेबलावरचं बोलणं थांबायचं. एका जुन्या सहकाऱ्याने परिषदेत सगळ्यांसमोर विचारलं, "मोकलबाई, आता बाकीच्या लेखांचं काय?" तिने माइक हातात घेऊन सांगितलं, "तेही तपासतेय. सहा झाले, ठीक आहेत. अकरा राहिलेत. तुम्ही तुमचे किती तपासलेत?" लोक हसले. तीही हसली. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

एक फोन तिला फार लागला. देहरादूनहून, जुन्या विद्यार्थिनीचा, जाईचा. जाईचा प्रबंध त्याच आकड्यावर उभा होता. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "मॅडम, मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, सिलिका का जुळत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, अनुभवाने कळेल." सुनीतीला तो प्रसंग आठवत नव्हता. ते तिने कबूल केलं, आणि जाईची माफी मागितली. त्यानंतर तीन रविवार दोघींनी फोनवर बसून प्रबंधातली ती दोन प्रकरणं पुन्हा सोडवली.

मार्चमध्ये सहापैकी पाच जणांची कंत्राटं संपली. सुनीती आधीपासून फोन करत होती. चोवीस वर्षांत ज्यांचं ज्यांचं काम केलं होतं त्या प्रत्येकाला तिने फोन केला, आणि कुणाकडेही आढेवेढे न घेता नोकरी मागितली. "पोरगी हुशार आहे. ठेवून घ्या, नाही आवडली तर मला शिव्या द्या." तिघांचं जमलं. एकजण गावी गेला. अबोलीचं कुठेच जमत नव्हतं, कारण जिथे तिथे विचारायचे, त्या करारात गडबड झाली ती हिच्यामुळेच ना?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मितेश शहांचा फोन आला.

"मॅडम, राग गेलाय. सगळा नाही, पण गेलाय."

"बरं वाटलं."

"गुजरातमध्ये एक साइट आहे, दुसऱ्या एका लॅबचे आकडे आहेत. सगळे म्हणतायत मस्त, मस्त. मला आता मस्तची भीती वाटते. ती खाडीचं पाणी आणणारी मुलगी आहे ना तुमची..."

"अबोली."

"ती पाहिजे. कंत्राट नाही, परमनंट. प्रत्येक नंबर तिच्या हाताखालून गेल्याशिवाय माझ्याकडे येणार नाही. पाठवाल?"

सुनीतीने खुर्ची मागे रेटली. तिसऱ्या मजल्यावर आता ती, एक तंत्रज्ञ आणि अबोली एवढेच उरले होते. मार्चनंतरही अबोली पगाराशिवाय रोज येत होती.

"पाठवते," ती म्हणाली. "पण पगाराचं तिच्याशी बोलताना जपून. घासाघीस तिला मी शिकवलीय."

"आणि ते बोअर," मितेश म्हणाले, "बोर्डाने मान्य केलं. पाइपसकट गावाच्या नावावर करतोय. कागद तुम्हीच घेऊन जा. आमचं तोंड बघून ते दगड मारतील."

*

तापकोंडला ती एकटी गेली. याच गावच्या ग्रामसभेत दोन वर्षांपूर्वी तिने उभं राहून सांगितलं होतं, की इथे वीज होईल, कामं येतील. त्यामुळे आता दुसऱ्या कुणाला पाठवून चालणार नव्हतं.

देवळाच्या मंडपात पन्नासेक माणसं जमली. सरपंच सुनयना गायकर तरुण होती, बोलायला रोखठोक. सुनीतीने उभ्यानेच सांगितलं.

"म्हणजे वीज होनार नाय?" सुनयनाने विचारलं.

"नाही होणार."

"आणि येवढा खनलात तो?"

"माझ्या आकड्यावर खणला. आकडा माझा चुकला."

मंडपात कुजबुज झाली. मागून एक तरुण ओरडला, "मुंबईवरची नोकरी सोडून आलो मी मॅडम! कंपनी येनार म्हनून!" सुनीती त्याच्याकडे वळली. ती म्हणाली, "तुमचं नुकसान झालंय. मी ते भरून देऊ शकत नाही." मग तिने कागद काढले. बोअर गावाचं झालंय हे सांगितलं. सत्तर अंशांच्या पाण्यावर कोकम, आंबापोळी, फणसाचे गरे पावसाळ्यातही कसे वाळवता येतात त्याचा नकाशा दाखवला. लाकूड नको, वीज नको, नळी फिरवायची एवढंच. बचत गटाच्या बायका पुढे सरकल्या. त्यांचे प्रश्न नेमके होते. एका दिवसात किती किलो, नळीला गंज किती वर्षांत चढेल, वास लागेल का. वास लागणार नाही, असं ती ठामपणे म्हणाली, आणि मग, "थांबा, गंधक थोडं आहे. पाणी फळाला लागू द्यायचं नाही, फक्त नळीतून फिरवायचं. मग नाही लागणार." ओरडणारा तरुण निघून गेला होता. सुनयनाने कागदावर सही केली. "विचार करतो आमी," ती म्हणाली. आभार मानले नाहीत. सुनीतीला ते योग्यच वाटलं.

परतीची गाडी सुटायला तास होता. ती कुंडांकडे चालत गेली. वरच्या कुंडात हात घालवत नाही, मधल्यात बायका कपडे भिजवतात आणि खालच्यात निवलेल्या पाण्यात गाव आंघोळ करतं. खालच्या कुंडाच्या पायरीवर एक म्हातारी लुगडं धूत होती.

"तू ती बाटलीवाली ना गो?" म्हातारीने विचारलं. "कवापासून बघतंय तुला. काले होते तुजे केस तवापासून."

"हो, मीच. तुमचं नाव?"

"बयाबाई. आज बाटल्या नाय आनल्यास?"

"आज काम नाही."

"मंग उभी का? पाय सोड पान्यात. गुडघं दुखत असतील तुजं, चालीवरून दिसतं."

गुडघे दुखत होते. सुनीतीने चपला काढल्या, साडी पोटरीपर्यंत उचलून खोचली आणि पायरीवर बसली. बावीस वर्षांत तिने या पाण्याचा थेंब न् थेंब मोजला होता आणि त्यात पाय एकदाही घातला नव्हता. पाणी आधी चटका देऊन गेलं. तिने पाय वर घेतले.

"हलू घाल. येकदम नको," बयाबाई लुगडं पिळत म्हणाली.

तिने पुन्हा पाय सोडले, या वेळी हळूहळू, आधी बोटं, मग टाच. बयाबाईने सरकून तिच्यासाठी पायरीवर थोडी जास्त जागा केली.